बाक का मोडला? – लाकडातल्या खोल खोबणीचा पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही, वर्गातल्या एका मोडलेल्या बाकामुळे सुचलेला आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत एक बाक कलंडला. पायाचा सांधा निखळला होता. त्यावर बसलेल्या पाचवीतल्या मुलाची हनुवटी पुढच्या बाकाच्या कडेवर आपटली, दोन टाके पडले. मूल आठ दिवसांत पुन्हा उड्या मारायला लागलं. पण त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला, "सर, बाक तर नवाच होता ना?" मला उत्तर देता आलं नाही.

बाक खरंच नवा होता, दिसायला मजबूतही होता. पाय जाडजूड, वर चकचकीत पॉलिश. मी तो निखळलेला पाय उचलून बघितला तेव्हा कारण कळलं. आडव्या पट्टीचं टोक पायात जेमतेम एक सेंटीमीटर आत गेलेलं, बाकी सगळा भरवसा दोन खिळ्यांवर. खिळे हळूहळू सैल झाले आणि एक दिवस सुटले. लाकूड चांगलं होतं, सांधा खोटा होता.

मग आम्ही ठरवलं, वाचनकोपऱ्यासाठी सहा स्टुलं हवीच आहेत, ती आपण करून घेऊ आणि करता करता मुलांना सांधा म्हणजे काय ते शिकवू. आठवीतल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा चाळीस वर्षं सुतारकाम करतात. त्यांच्या ओळखीने तालुक्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करायला मिळालं. त्यातून मी जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो.

खोबण आणि कुसू म्हणजे काय?

दोन लाकडं काटकोनात जोडायची असतील तर एकाला भोक पाडतात आणि दुसऱ्याचं टोक तासून त्या भोकात बसेल असं करतात. त्या टोकाला आपल्याकडे कुसू म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द टेनन. ज्या चौकोनी भोकात कुसू बसतं त्याला मी या लेखात खोबण म्हणतो. वर्कशॉपमध्ये त्याला मॉर्टाईज म्हणतात. आमचे आजोबा मात्र सरळ "भोक" म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगजवळ सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या ओक लाकडाच्या विहिरी सापडल्या, त्यांच्या तळाच्या चौकटी कुसू-खोबणीनेच जोडलेल्या आहेत. तेव्हा धातूचं हत्यार नव्हतं, दगडाच्या हत्यारांनी ही भोकं पाडली. आपल्या जुन्या वाड्यांत खांब, तुळई आणि दाराच्या चौकटी अशाच जोडलेल्या दिसतात. पुढच्या वेळी एखाद्या वाड्यात गेलात तर दाराच्या कोपऱ्यात जरा निरखून बघा, लाकडी खुंटीचा गोल डोळा दिसेल. ती खुंटी आतल्या कुसवाला अडवून धरते.

खोली कशासाठी?

इथे मुलांना मी लाकूड म्हणजे एका दोऱ्याने बांधलेली काड्यांची जुडी आहे असं समजा म्हणून सांगितलं. काड्या लांबीच्या दिशेने असतात. जुडीच्या टोकाला डिंक लावला तर तो काड्यांच्या पोकळ तोंडांत शोषला जातो, पकड कमी येते. पण जुडीच्या बाजूला डिंक लावला तर पकड चांगली येते. कुसवाच्या दोन रुंद बाजू, ज्यांना गाल म्हणतात, त्या अशा चिकटणाऱ्या बाजू आहेत. गाल जेवढे मोठे तेवढा डिंकाला वाव जास्त.

आता साधं गणित. कुसू ५० मिमी उंच आहे असं धरा. ते फक्त १० मिमी आत गेलं तर दोन्ही गालांचं क्षेत्रफळ ५० × १० × २ = १००० चौ. मिमी, म्हणजे १० चौ. सेंमी. तेच ३० मिमी आत गेलं तर ३० चौ. सेंमी. तिप्पट. शिवाय मूल स्टुलावर मागे रेलतं तेव्हा पट्टी त्या भोकात पिळवटली जाते. आखूड कुसू अशा वेळी दाताच्या सैल मुळासारखं हलतं, लांब कुसू आतल्या भिंतींना टेकून उभं राहतं.

पण नुसती खोली पुरत नाही. भोक रुंद झालं तर डिंकाचा जाड थर राहतो आणि जाड थर कमकुवत असतो. भोक तिरकं झालं तर पट्टी तिरकी बसते, मग स्टूल डुगडुगतं. म्हणून खोल *आणि* नेमकं, दोन्ही हवं. हाताने पटाशी घेऊन हे करता येतं, कुशल कारागीर करतातच. पण सहा स्टुलांना वरच्या पट्ट्यांचीच ४८ भोकं लागतात. अठ्ठेचाळिसावं भोक पहिल्याइतकंच नीट हवं असेल तर मशीन कामाला येतं.

मशीनची गोष्ट थोडी जुनी

खोबण पाडणारी मशीनं मोठ्या प्रमाणावर वापरात आली ती फर्निचरसाठी नाही, जहाजांसाठी. शिडाच्या दोऱ्या ओढायला लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या पुली लागत. एका मोठ्या युद्धनौकेला अशा हजारेक पुली लागायच्या. प्रत्येक ठोकळ्यात चाक बसण्यासाठी खोल खाच हवी. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत मार्क इसाम्बार्ड ब्रुनेल यांनी या कामासाठी यंत्रं आखली आणि हेन्री मॉड्सले यांनी ती घडवली. तिथे ४५ यंत्रं होती. १८०८ सालात त्यांनी सुमारे १,३०,००० ठोकळे तयार केले, आणि ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. आधी ड्रिलने एक भोक पाडायचं, मग वरखाली होणाऱ्या पटाशीने ते लांबवत न्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. आजच्या मशीनमध्ये हीच दोन कामं एकत्र होतात.

इतिहासाच्या शिक्षकांनी हा धागा जरूर घ्यावा. औद्योगिक क्रांती म्हटलं की आपण वाफेचं इंजिन आणि कापडगिरणी सांगतो. चौकोनी भोकसुद्धा त्याच गोष्टीत आहे.

चौकोनी भोक पाडणारं मशीन

मुलांचा पहिला प्रश्न हाच होता, "सर, ड्रिल गोल फिरतं, मग भोक चौकोनी कसं?"

यात एक पोकळ चौकोनी पटाशी असते. तिच्या चारही कडा खाली धारदार. तिच्या पोटातून गिरमिटासारखा पीळ असलेला बिट फिरतो. बिट मधलं लाकूड गोल कोरून वर काढतो, आणि मागोमाग पटाशी खाली दाबली जाते ती चार कोपरे छाटते. पटाशी स्वतः फिरत नाही. लांब दांडा ओढून आपण तिला खाली दाबतो. ६, ८, १०, १२ मिमी अशा मापांत ती मिळते. पिलर ड्रिललाही असा जोड बसवता येतो, पण त्याच्या दांड्याला जोर कमी पडतो. कठीण लाकडात वेगळं मशीन बरं.

बसवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

१) बिट आणि पटाशीतलं अंतर. बिटचं टोक पटाशीच्या कडांपेक्षा एक ते दोन मिमी पुढे हवं. अंतर नसेल तर दोन्ही घासतात, तापतात, धूर येतो आणि पोलाद निळं पडतं. निळं पडलेलं पोलाद धार धरत नाही. आजोबांची युक्ती मुलांना फार आवडली. पटाशी जागेवर बसवताना तिचा खांदा आणि मशीन यांच्यात एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि पटाशी हलकेच आवळायची. बिट वर टेकेपर्यंत सरकवून पक्का आवळायचा. मग नाणं काढून पटाशी सैल करायची, वर ढकलून पक्की आवळायची. नाण्याच्या जाडीएवढं अंतर आपोआप मिळतं.

२) पटाशी आधारपट्टीला समांतर. पटाशी जराशी वळलेली असेल तर प्रत्येक भोक थोडं तिरकं पडतं आणि खोबणीची भिंत करवतीच्या दातांसारखी होते. गुण्या लावून तपासायचं, मग टाकाऊ तुकड्यावर दोन भोकं शेजारी पाडून भिंत सरळ आहे का बघायचं.

३) भुशाची खिडकी. पटाशीच्या एका बाजूला उभी फट असते, ढलप्या तिथून बाहेर पडतात. ही फट खोबणीच्या लांबीच्या दिशेला हवी, भिंतीकडे नको. म्हणजे ढलप्यांना आधी कोरलेल्या मोकळ्या जागेत पडायला वाट मिळते.

कोणतं भोक आधी, कोणतं नंतर?

आमची खोबण ५० मिमी लांब आणि पटाशी ८ मिमीची. मला वाटलं होतं, एका टोकापासून सुरू करून शेजारी शेजारी भोकं पाडत जायचं. आजोबांनी हात धरला. म्हणाले, "सर, पटाशीला एका अंगाला लाकूड आन् एका अंगाला हवा मिळाली की ती हवेकडं पळती."

हे विज्ञानाच्या तासाचं वाक्य आहे. पटाशीवर दोन्ही बाजूंनी सारखा रेटा आला तर ती सरळ जाते. एकाच बाजूने आला तर वाकते, आणि भोक खाली जाता जाता तिरकं होतं. वरून दिसत नाही, पण कुसू आत जात नाही.

म्हणून क्रम असा: आधी दोन टोकांची भोकं. उरलेल्या ३४ मिमीत आणखी दोन भोकं अशी पाडायची की मध्ये प्रत्येकी ६ मिमीचे तीन पूल उरतील. हिशेब करा: ४ भोकं × ८ = ३२, ३ पूल × ६ = १८, एकूण ५०. मग शेवटी प्रत्येक पुलावर पटाशी बरोबर मधोमध ठेवायची. पूल ६ चा, पटाशी ८ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना एक एक मिमी हवा आणि रेटा दोन्हीकडून सारखा. एका खोबणीला सात वेळा दांडा ओढायचा.

हे गणित मी मुलांना आधी सोडवायला दिलं. "५० मिमीच्या खोबणीत ८ मिमीची भोकं अशी बसवा की मधले पूल सारखे असतील आणि पटाशीपेक्षा लहान असतील." तीन गटांनी तीन उत्तरं आणली. एका गटाने पाच भोकं आणि अडीच मिमीचे चार पूल काढले. तेही चुकीचं नाही, फक्त दोन वेळा जास्त दांडा ओढावा लागतो आणि इतका बारीक पूल काम चालू असताना मोडू शकतो. त्यावर वर्गात चांगली चर्चा झाली.

खोल भोकाला आणखी एक नियम. एका दमात ३० मिमी खाली जायचं नाही. १०–१५ मिमी जायचं, वर यायचं, भुसा पडू द्यायचा, पुन्हा खाली. भुसा आत कोंडला की पटाशी तापते आणि लाकडात अडकते. अडकलेली पटाशी वर ओढताना लाकूडही सोबत उचललं जातं, म्हणून वरून दाबून धरणारा आडवा हात मशीनला असतो, तो नीट बसवलेला हवा. आणि दुसऱ्या, तिसऱ्या, शेवटच्या पायाचं भोक त्याच जागी यावं म्हणून आधारपट्टीला एक ठोकळा आवळून ठेवायचा. पाय त्याला टेकला की जागा पक्की. प्रत्येक वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा हे जास्त अचूक, कारण डोळा थकतो, ठोकळा थकत नाही.

एका मुलीचा प्रश्न

आता मी माझी चूक सांगतो. स्टुलाचा पाय ४५ × ४५ मिमी. पट्टी २२ मिमी जाड, कुसू तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं, ८ मिमी. पट्टी पायाच्या बाहेरच्या अंगापासून ५ मिमी आत. म्हणजे खोबणीची बाहेरची भिंत पायाच्या बाहेरच्या अंगापासून १२ मिमीवर. मी फळ्यावर खोली लिहिली: ३३ मिमी.

आठवीतली एक मुलगी वहीत पायाचा आडवा छेद काढत होती. तिने हात वर केला. "सर, एका पायात दोन पट्ट्या येणार ना? मग ही दोन भोकं आत भेटणार नाहीत का?"

मी गप्प. फळ्यावर पुन्हा मांडलं. पाय ४५. बाहेरची भिंत १२. दुसरी खोबण ८. ४५ − १२ − ८ = २५. म्हणजे २५ मिमी खोल गेलो की पहिली खोबण शेजारच्या खोबणीत उघडते. ३३ मिमीला तर ती आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीला टेकते. दोन्ही कुसवं एकाच जागेवर हक्क सांगणार.

आम्ही आजोबांना विचारलं. ते हसले, म्हणाले, "पोरीनं बरोबर धरलं." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या.

पहिली वाट, भोकं भेटूच द्यायची नाहीत. खोबण २२ मिमी, कुसू २० मिमी. दोन्ही गाल मिळून ५० × २० × २ = २० चौ. सेंमी. सोपं काम, मधे ३ मिमी लाकूड शिल्लक.

दुसरी वाट, भोकं भेटू द्यायची आणि कुसवांची टोकं ४५ अंशांत तिरकी कापायची, फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यासारखी. खोबण ३३ मिमी. कुसवाचा बाहेरचा गाल ३१ मिमी, आतला २३ मिमी. क्षेत्रफळ ५० × (३१ + २३) = २७०० चौ. मिमी, म्हणजे २७ चौ. सेंमी. पहिल्या वाटेपेक्षा सात चौ. सेंमी जास्त. तळाशी दोन मिमी जागा मुद्दाम सोडलेली, जादा डिंकाला जायला.

आम्ही दुसरी वाट घेतली. त्यात एक धोका आहे. दुसरं भोक पाडताना पटाशी पहिल्या पोकळीत उतरते तेव्हा आतल्या कोपऱ्याचं लाकूड फुटून निघतं, कारण त्याला मागून आधार नसतो. उपाय सोपा: पहिल्या खोबणीत घट्ट बसेल असा लाकडाचा तुकडा भरायचा, मग दुसरी पाडायची, नंतर तुकडा ठोकून काढायचा.

भूमितीत छेद काढायला मुलं कंटाळतात. त्या दिवसानंतर "हा छेद कशाला?" असं आमच्या वर्गात कोणी विचारलं नाही.

दुसरी मशीनं

प्रत्येकाकडे चौकोनी पटाशीचं मशीन असेलच असं नाही. बाकीचे मार्ग थोडक्यात.

*पिलर ड्रिल आणि पटाशी.* ड्रिलने ओळीत गोल भोकं पाडायची, उरलेलं लाकूड हाताच्या पटाशीने साफ करायचं. खोली आणि सरळपणा मशीन देतं, कोपरे हात देतो. कमी खर्चात शिकायला मला हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

*राउटर.* हातात धरायचं वेगवान यंत्र. ८ मिमीचा पीळदार बिट लावून, बाजूला गाइड लावून खाच कोरतात. एका फेरीत तीन-चार मिमीच खाली जायचं, दहा-बारा फेऱ्यांत पूर्ण खोली गाठायची. घाई केली तर लांब बिट लचकतो आणि भिंत वाकडी होते. फेरीची दिशाही महत्त्वाची आहे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे पुढे ढकलताना राउटर डावीकडे सरकू बघतो. म्हणून गाइड लाकडाच्या उजव्या अंगाला ठेवून आपल्यापासून पुढे ढकलायचं, म्हणजे तोच ओढा गाइडला लाकडाशी घट्ट धरतो. राउटरच्या खोबणीची टोकं गोल येतात. एकतर पटाशीने ती चौकोनी करा, नाहीतर कुसवाच्या कडा कानशीने गोल करा. दोन्ही चालतं, कारण पकड गालांत असते, टोकांत नाही.

*आडवं मशीन.* यात बिट आडवा असतो आणि लाकूड बसवलेलं टेबल मागेपुढे, डावी-उजवीकडे सरकतं. फर्निचरच्या कारखान्यांत हे दिसतं. दोन्ही लाकडांना खाच पाडून मधे सुटं कुसू घालायची पद्धत यावर सोयीची पडते.

*साखळीचं मशीन.* लाकूड कापायच्या साखळी-करवतीसारखी साखळी खाली उतरते. तुळया आणि मोठ्या चौकटींसाठी चांगलं. खोली भरपूर मिळते, पण तळ गोल येतो आणि स्टुलासारख्या बारीक कामाला ते जड पडतं.

आधी भोक, मग कुसू

नवशिके नेहमी उलटं करतात. भोकाची रुंदी पटाशी ठरवते, ती आपल्याला बदलता येत नाही. कुसू मात्र रंध्याने कागदाएवढं पातळ करता येतं. म्हणून भोक आधी पाडायचं आणि कुसू त्याच्या मापाने उतरवायचं. हाताने दाबून किंवा लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्याने आत जाईल इतपत घट्ट. जोरात ठोकावं लागलं तर पाय चिरतो. आपोआप घसरत गेलं तर डिंकावर अवलंबून राहावं लागतं.

आणखी एक सवय: प्रत्येक पायाच्या बाहेरच्या दोन अंगांवर पेन्सिलने खूण करायची आणि दर वेळी तेच अंग आधारपट्टीला लावायचं. आठ जणांनी आठ बाजू लावल्या तर कितीही चांगलं मशीन असलं तरी भोकं जुळणार नाहीत. आमच्याकडे एका पायाचं असंच झालं. तो पाय मी जपून ठेवलाय, दरवर्षी दाखवायला.

सुरक्षितता: इथे तडजोड नाही

पालकांनी हा भाग नक्की वाचावा. मशीनचा दांडा आणि बटण मुलांच्या हाती दिलेलं नाही. मशीन आजोबा आणि वर्कशॉपचे कारागीर चालवत होते. मुलांनी मोजलं, आखलं, क्रम ठरवला, मशीन बंद असताना ठोकळा लावला, व्हर्नियरने भोकं तपासली आणि पटाशी-रंध्याचं हातकाम केलं.

फिरत्या बिटजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते गुंडाळले जातात. वेणी बांधून आत, ओढणी काढून ठेवायची, मनगटात दोरा-कडं नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. बिट बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. लाकूड हाताने नाही, क्लॅम्पने धरायचं. हे नियम आम्ही मुलांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि मोठ्यांनीही ते पाळले. एका शिक्षकाच्या हातातलं कडं मुलांनीच काढायला लावलं. तो शिक्षक मीच.

अभ्यासक्रमात हे कुठे बसतं?

काही सहकारी म्हणाले, "पोर्शन कधी संपवायचा?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकायची कल्पना मांडली आहे, आणि त्यात सुताराचा उल्लेख स्पष्ट आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तोही आपल्याच मातीत. आमच्या या सहा स्टुलांत क्षेत्रफळ झालं, छेद झाला, बल झालं, औद्योगिक क्रांती झाली. पोर्शन मागे पडला नाही.

एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, पोराला सुतार करायचंय का?" मी म्हटलं, व्हायचं असेल तर आयटीआयमध्ये चांगला ट्रेड आहे. नसेल व्हायचं तरी उद्या घरात पलंग घेताना त्याला सांध्यात वाकून बघता येईल. ते हसले, पण पुढच्या शनिवारी स्वतः क्लॅम्प आवळायला आले.

वर्गात करून पाहा

१) घरातल्या एका खुर्चीचा सांधा नीट पाहा. खिळा आहे, स्क्रू आहे की कुसू? चित्र काढा.
२) खोबण ६४ मिमी, पटाशी १० मिमी. चार भोकं पाडली तर तीन पूल किती मिमीचे येतील? ते चालतील का?
३) पाय ४० मिमीचा, बाहेरची भिंत १० मिमी, खोबण ८ मिमी. दोन खोबणी किती खोलीवर भेटतील?
४) साबणाच्या वडीत पट्टीने चौकोनी खाच कोरा आणि दुसऱ्या वडीचं कुसू त्यात बसवा. कुठे चुकलं ते लिहा.

(उत्तरं: दुसऱ्याचं ८ मिमी, पटाशीपेक्षा लहान म्हणून चालतील. तिसऱ्याचं २२ मिमी.)

डिंक लावून आम्ही स्टुलं रात्रभर आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडले तेव्हा पाच स्टुलं जमिनीवर सपाट बसली. सहावं थोडं डुगडुगलं, त्याचा एक पाय आजोबांनी रंध्याने उतरवला. पहिल्या स्टुलावर कोण बसणार यावर भांडण होणार होतं, पण मुलांनीच ठरवलं. हनुवटीवर टाके पडलेला पाचवीतला तो मुलगा आला, आधी दोन्ही हातांनी स्टूल हलवून बघितलं, मग बसला. त्याची आई दारात उभी होती. या वेळी तिने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

तुमच्या शाळेत असा काही प्रयोग केलात तर जरूर कळवा. आणि उद्या वर्गात गेल्यावर एक बाक हलवून बघा.